एनबीएची फाईल आदल्या रात्री भरायची नसते

नवीन असिस्टंट प्रोफेसरच्या गळ्यात एनबीएचं (इंजिनिअरिंगच्या कोर्सला मान्यता देणारं नॅशनल बोर्ड ऑफ ॲक्रेडिटेशन) काम पडतं आणि मग फोन येतो, सर कुठनं सुरू करू. आमच्या बेळगाव, निपाणी, चिकोडी भागातली तीनचार पोरं सध्या हेच विचारूलालेत, म्हणून एकदाच लिहितो.

आधी सीओ (कोर्स आउटकम, म्हणजे विषय संपल्यावर पोराला काय यायला हवं ते) लिहा, एका विषयाला चार ते सहा बस्स. "समजून घेणे" असलं काय लिहू नका, समजलं ते मोजणार कसं? "कास्टिंगमधला दोष ओळखून कारण सांगतो" असं लिहिलं की प्रश्नपण आपोआप सुचतो. हे सीओ पुढं पीओंना (प्रोग्रॅम आउटकम, म्हणजे पूर्ण पदवी संपल्यावर काय यायला हवं ते) जोडायचे असतात. पीओ आता 12 नाहीत बरं का, एनबीएला द्यायच्या नव्या सेल्फ असेसमेंट रिपोर्टात 11 झालेत, समाज आणि पर्यावरण एकत्र केलंय, जुनी एक्सेल तशीच उचलली की तिथंच फसता.

आता सीओ किती साधला ते दाखवायचे आकडे. व्हीटीयूत (आपली विश्वेश्वरय्या टेक्नॉलॉजिकल युनिव्हर्सिटी) 50 मार्क इंटरनलचे, 50 फायनलचे, पण आपलं कॉलेज अफिलिएटेड, फायनलचे प्रश्नवार मार्क हातात येत नाहीत, एकच आकडा सगळ्या सीओंना चिकटवावा लागतो, म्हणजे खरं काय ते इंटरनलातच दिसणार. त्यामुळं पेपर काढतानाच प्रत्येक प्रश्नापुढं सीओ टाका आणि मार्क प्रश्नवार त्याच आठवड्यात भरा. मी एका वर्षी हे मागं ठेवलं आणि एनबीएच्या कमिटीच्या व्हिजिटच्या आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत गठ्ठे सोडत बसलो, अर्धे पेपर पोरांना परत दिलेले!

एक उदाहरण बघा. 60 पोरं, ब्लोहोलवर (कास्टिंगमधली, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूतली, भोकं) 10 मार्कांचा प्रश्न, टार्गेट 6 मार्क. तिथं पोचले 31, म्हणजे 52 टक्के. सीओ किती साधला याच्या लेव्हल असतात, आमच्यात लेव्हल एकला 60 टक्के पोरं लागतात (हे कॉलेज स्वतः ठरवतं), म्हणजे लेव्हल शून्य. इथं टार्गेट 5 करायला हात शिवशिवतो. करू नका, कमिटीत बसलेली माणसं आयुष्यभर पेपर तपासलेली असतात, आणि कुंदा कितीबी खायला घाला लेव्हल काय वाढत नाही.

त्यापेक्षा पेपर उघडून बघा. व्याख्या सगळ्यांनी लिहिलेली, कारणाला मात्र कुणी हात लावलेला नाही, कारण साच्याची ओली वाळू कुणी बघितलेलीच नाही. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एवढ्या फाउंड्र्या (धातू ओतायचे कारखाने) आहेत की, एका दुपारी घेऊन जा, रिजेक्ट झालेला एक तुकडा फोडून दाखवा, वाळूतल्या ओलाव्याची वाफ बाहेर पडायला वाट नव्हती म्हणून ही भोकं, हे तिथला मोल्डर दोन मिनिटांत सांगतो. तारीख, कुठं गेलो, काय बदललं, पुढच्या इंटरनलात किती जण 6 च्या वर गेले, एवढं एका पानावर लिहा. तेच पान फाईलमध्ये पहिलं लावा.

आणि त्या फाउंड्रीवाल्याला डिपार्टमेंटच्या ॲडव्हायझरी बोर्डावर घ्या, फक्त मिटिंग शनिवारी ठेवू नका, पगारवाटप असतं त्यांचं, येत नाहीत.