मेरी-गो-राउंडचा प्लॅस्टिकचा घोडा रंगवताना : रंग टिकवायचा कसा

मेरी-गो-राउंडच्या शोभेच्या घोड्याला रंग देणे कठीण नाही. कठीण आहे तो दिलेला रंग प्लॅस्टिकवर टिकवणे. 1876 साली न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर पहिले मेरी-गो-राउंड उभारणारा चार्ल्स लूफ किंवा फिलाडेल्फियाचा गुस्टाव्ह डेंट्झेल यांचे घोडे लाकडात कोरलेले होते. लाकूड रंग पिते, प्लॅस्टिक पीत नाही. त्यामुळे लाकडी घोड्यांसाठीची कृती येथे जशीच्या तशी वापरली की सहा महिन्यांत पोपडे निघतात.

दांडा व बैठक काढून घोडा भांड्यांच्या साबणाने धुवावा आणि पूर्ण वाळू द्यावा.

यापुढचा टप्पा घाईने उरकू नये. मी रंगवलेल्या दुसऱ्या घोड्यावर पांढऱ्या रंगाचे तीन हात सुरेख बसले होते. झुलीची किनार सरळ यावी म्हणून मी त्यावर मास्किंग टेप लावला आणि तो काढताना किनारीपासून मानेपर्यंतचा रंग सापाच्या कातीसारखा एका तुकड्यात निघून आला. रंग चांगला होता, ब्रशही चांगला होता; खाली धरून ठेवणारे काहीच नव्हते.

म्हणून आधी प्लॅस्टिक ओळखावे. पोटाखाली किंवा बैठकीखाली त्रिकोणात आकडा असतो. 2 म्हणजे पॉलिएथिलीन आणि 5 म्हणजे पॉलिप्रॉपिलीन; या दोन्हींवर पाण्याचा थेंब पसरत नाही, गोळा होऊन राहतो, आणि पाण्यात कालवलेल्या ॲक्रिलिक रंगाचेही तेच होते. अशा घोड्याला गाड्यांचे बंपर रंगवण्यापूर्वी मारतात तो प्लॅस्टिक प्रायमरच लागतो, आणि त्याच्या डब्यावर पॉलिप्रॉपिलीनचा उल्लेख आहे का, हे विकत घेण्यापूर्वी पाहावे. 3 हा आकडा असलेले आणि बोटाने दाबल्यास मऊ लागणारे प्लॅस्टिक पीव्हीसीचे असते. त्यातील तेलकट द्रव्य हळूहळू वर येत असल्याने स्प्रेचा रंग त्यावर महिनोन्महिने चिकट राहू शकतो. असा घोडा मी रंगवायला घेत नाही आणि इतरांनीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘रंगात सुताराचा पांढरा गोंद मिसळा, मग प्रायमर लागत नाही’ हा सल्ला मी अनेकदा ऐकला आहे आणि तो साफ चुकीचा आहे. तो गोंद लाकूड आणि कागद धरतो. गुळगुळीत प्लॅस्टिकवर त्याचा पापुद्राच सुटतो. थिनरने किंवा ॲसिटोनने पुसण्याचा सल्लाही तितकाच घातक आहे, कारण पॉलिस्टायरिन या जातीचे प्लॅस्टिक त्यात विरघळते आणि घोड्याच्या नाकपुड्यांची कोरीव वळणे सपाट होतात.

400 नंबरचा वॉटर पेपर (ओला करून घासायचा बारीक पॉलिश पेपर) पाण्यात भिजवून सर्व अंगावर हलका फिरवावा. प्लॅस्टिकची चकाकी जाणे एवढेच काम आहे. जोर लावला तर पॉलिएथिलीनवर केसांसारखे तंतू उठतात. आयाळीच्या खाचा आणि कानांमागची जागा हमखास राहून जाते, आणि रंग सुटायला तेथूनच सुरुवात होते. धूळ धुऊन अंग वाळले की आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने एकदा पुसावे आणि त्यानंतर उघड्या बोटांनी शिवू नये. प्रायमरचे दोन पातळ हात द्यावेत. भर पावसाळ्यात, हवा दमट असताना, स्प्रे मारू नये. चोवीस तासांनी पोटाखाली ब्लेडने बारीक चौकटी आखून त्यावर टेप दाबून लावावा आणि झटक्याने ओढावा. एकही चौकट उचलली गेली, तर सगळे पुन्हा घासावे. याला पर्याय नाही.

अंगाचा मूळ रंग तीन पातळ हातांत द्यावा.

सजावट कोणत्या बाजूला जास्त करायची, हे आधी ठरवावे. अमेरिकेतील मेरी-गो-राउंड घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, म्हणून प्रेक्षकांना घोड्याची उजवी बाजू दिसते आणि कारागीर सगळी हौस त्याच बाजूवर पुरवत. तिला ‘रोमान्स साइड’ म्हणतात. इंग्लंडमधील चक्रे घड्याळाच्या दिशेने फिरतात, म्हणून तेथे डावी बाजू नटवलेली असते. दोन्ही बाजू सारख्याच भरल्या की घोडा मला खेळण्यातला वाटतो.

सोनेरी रंगाखाली पिवळसर गेरूचा एक हात असावा, नाहीतर सोनेरी फिका आणि ठिपक्याठिपक्यांचा दिसतो. डोळे सर्वांत शेवटी रंगवावेत.

पाण्यात मिसळणाऱ्या ॲक्रिलिक वॉर्निशचे दोन हात देऊन घोडा दोन-तीन आठवडे तसाच ठेवावा, कारण रंग हाताला कोरडा लागला तरी आतून पक्का व्हायला वेळ घेतो. दांडा बसवण्यापूर्वी भोकाच्या आतला रंग ब्लेडने खरवडून टाकावा, म्हणजे दांडा घट्ट सरकताना कडेपासून पापुद्रा उचलला जात नाही.