भीतीचा सिनेमा आधी कानांनी बघा

वसमतला माझं मंडप आणि साउंडचं काम आहे. लग्न, भागवत सप्ताह, गणपती, सगळीकडं माझे बॉक्स लागतात. बावीस वर्षं आवाजातच गेली, म्हणून भुताचे आणि अंतराळाचे सिनेमे मी आधी ऐकतो, मग बघतो. घरात नवा टीव्ही आला की ओळखीचे लोक हमखास विचारतात, ‘भीतीचा सिनेमा लावला तर भीतीच वाटत नाही, टीव्हीत काही खराबी आहे का?’ टीव्ही बरा असतो. खोली आणि बसायची पद्धत चुकलेली असते. ती कशी सुधारायची ते लिहितो.

खोलीच्या मधोमध उभं राहून एक जोरात टाळी वाजवा. टाळीमागं ‘टर्रर्र’ असं शेपूट ऐकू आलं तर खोली आवाज घुमवते. स्लॅबचं घर, चार कोऱ्या भिंती, खाली फरशी, मग दुसरं काय होणार. अशा खोलीत कुजबुज, पायरव, दाराची कुरकुर सगळं एकमेकांत कालवलं जातं. टीव्हीसमोरच्या भिंतीवर जाड वाकळ टांगा, खाली सतरंजी अंथरा आणि पुन्हा टाळी वाजवा. शेपूट तुटलेलं लगेच कळतं. माझ्याकडं आईनं जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ आहे. दोन खिळ्यांवर ती टांगतो, सिनेमा संपला की तीच पांघरतो.

मग कूलर. एप्रिल-मे महिन्यात आपल्याकडं कूलरशिवाय बसवत नाही हे मला मान्य आहे, पण त्याच्या घरघरीत भीतीच्या सिनेमाचा अर्धा जीव जातो. त्यामुळं मी असे सिनेमे दिवाळी ते शिवरात्र या दिवसांसाठी राखून ठेवतो. उन्हाळ्यात बघायचाच असेल तर कानात इअरफोन घाला, किंवा रात्री गच्चीवर बाज टाकून बघा. उघड्यावर आवाज घुमत नाही, फक्त गल्लीतली कुत्री सांभाळून घ्यावी लागतात.

टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो व्हॉल्यूम’ किंवा ‘नाइट मोड’ चालू असेल तर बंद करा. ही सोय बारीक आवाज वर उचलते आणि मोठा आवाज खाली दाबते. लेकरू झोपलेलं असताना ठीक आहे, पण भीतीचा सिनेमा बारीक आणि मोठा या दोन्हींमधल्या अंतरावरच उभा असतो. ते अंतर गेलं की सगळंच मालिकेसारखं ऐकू येतं. आता माप लावा. दोन माणसं साधं बोलतायत असा प्रसंग काढा, समोर बसलेला माणूस बोलतोय इतकं ऐकू आलं की थांबा, आणि रिमोट उशीखाली ठेवून द्या. शांत प्रसंगात आवाज वाढवायचा आणि दणका आला की घाईनं कमी करायचा, ही सवय सगळ्यात वाईट. टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली नाहीतर मागं तोंड करून बसवलेले असतात. शक्य असेल तर बाहेरून दोन साधे स्पीकर जोडा आणि बसल्यावर कान जिथं येतो त्या उंचीला ठेवा.

थिएटरातसुद्धा कान उघडे ठेवा. एकदा मोठ्या शहरात तिकीट काढून भुताचा सिनेमा बघायला गेलो, तर मागचे स्पीकर बंद. पडद्यावरची बाई दचकून मागं बघते आणि मागून काहीच येत नाही. मध्यंतरात जाऊन सांगितलं तर उत्तर मिळालं, ‘कुणाला कळतंय?’ मला फार लागलं ते. कुणीतरी रात्र-रात्र बसून तो आवाज रचलेला असतो. असं आढळलं तर गप्प बसू नका, सांगाच.

आता काय ऐकायचं. दचकणं वेगळं आणि भिणं वेगळं. एकदम ‘धाड’ वाजवलं तर बैलसुद्धा दचकतो, त्यात दिग्दर्शकाचं कसब नाही. खरी भीती अशा आवाजाची असते ज्याचं उगमस्थान दिसत नाही. पारखायचं असेल तर सिनेमा संपल्यावर सगळ्यात भीतीदायक प्रसंग परत लावा आणि डोळे मिटून ऐका. दणका येण्याआधीच अंगावर काटा आला तर काम अस्सल आहे. ‘जॉज’ (१९७५) असाच ऐका. त्यातला यांत्रिक शार्क समुद्रात सारखा बंद पडायचा, म्हणून तासाभरापेक्षा जास्त वेळ तो धड दाखवलेलाच नाही. त्याच्या जागी जॉन विल्यम्सची दोन सुरांची धून पोहत येते, आणि मासा दिसल्यावर जेवढी भीती वाटते त्यापेक्षा जास्त त्या धूनची वाटते.

मराठीत ‘लपाछपी’ बघा. २०१७ मध्ये थिएटरात आला. सगळा खेळ उसाच्या फडातल्या घरात आहे. रात्री फडाला पाणी द्यायला गेलेल्या माणसाला मी काय सांगू? उसात दोन हातांपलीकडचं दिसत नाही, पाचट पायाखाली वाजतं, आणि वारा नसताना एखादंच पान सळसळलं तर ते रानडुकराचं की माणसाचं हे बॅटरी मारल्याशिवाय समजत नाही. आपल्या भागातल्या माणसाला हा सिनेमा शहरातल्या माणसापेक्षा जास्त भिडतो असं माझं ठाम मत आहे.

विज्ञानाच्या सिनेमाला मात्र वेगळा कान लागतो. पहिल्या वीस मिनिटांत सिनेमा आपला एक नियम सांगतो, तो वहीत लिहून ठेवा आणि शेवटपर्यंत तो पाळला जातो का ते बघा. अंतराळात हवा नाही, म्हणून तिथं आवाज नाही, हा सगळ्यात साधा नियम. १९६८ च्या ‘२००१: अ स्पेस ओडिसी’मध्ये यानाबाहेर फक्त अंतराळवीराचा श्वास ऐकू येतो, आणि तो श्वास थांबल्यावर पडलेली शांतता कुठल्याही स्फोटापेक्षा जड आहे. ‘इंटरस्टेलर’मध्येही (२०१४) बाहेरून दाखवलेला स्फोट मुका आहे. त्यातल्या पाण्याच्या ग्रहावरचा एक तास म्हणजे पृथ्वीवरची सात वर्षं. मी हिशोब मांडला. तिकडं साधारण दीड सेकंद गेला की इकडं एक दिवस मावळतो. त्या प्रसंगात संगीतामागं घड्याळासारखी टिकटिक चालते. हिशोब माहीत असताना ती ऐकली तेव्हा छातीत कालवलं.

या सिनेमाला शास्त्रीय सल्ला देणारे भौतिकशास्त्रज्ञ किप थॉर्न यांना २०१७ साली गुरुत्वीय लहरींच्या, म्हणजे अवकाशातच उठणाऱ्या तरंगांच्या, कामासाठी नोबेल मिळालं. तशा लहरी पकडणारी लायगो वेधशाळा आपल्या औंढा नागनाथजवळ उभी राहणार आहे, चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन भुजांची. २०१५ च्या १४ सप्टेंबरला अमेरिकेत पहिली लहर सापडली. तिची कंपनं सुमारे ३५ हर्ट्झपासून (म्हणजे सेकंदाला ३५ कंपनं) २५० हर्ट्झपर्यंत चढत गेली, तीही सेकंदाच्या पाचव्या भागात. ३५ हर्ट्झ म्हणजे माझ्या बेस बॉक्सचा तळ. दोन कृष्णविवरं एकमेकांवर आदळल्याची ती लहर, आवाज नव्हे; पण शास्त्रज्ञांनी तिचा आवाज करून ठेवलाय, तो हुंकार मी बॉक्सला लावून ऐकला. ‘इंटरस्टेलर’ लावायच्या आधी तुम्हीही तो शोधून ऐका, चांगल्या स्पीकरवरच ऐका.

लेकरांना बरोबर बसवत असाल तर मधे थांबवून समजावू नका. नंतर सांगा, तेही आवाज कसा काढतात ते करून दाखवून. भाचीला मी पाचट पोत्यात भरून तुडवायला दिलं होतं.

आणि सिनेमा संपला की टीव्ही बंद करून दिवा न लावता दोन मिनिटं बसा. कान तेव्हा सगळ्यात तीक्ष्ण झालेले असतात. आमच्या तालुक्यात पांगरा शिंदेच्या बाजूला कित्येक वर्षं जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि २०२४ च्या जुलैत तर भूकंपाचा धक्का हिंगोली, परभणी, नांदेडपर्यंत जाणवला. एका रात्री आम्ही असेच अंधारात बसलो होतो आणि खोल कुठंतरी घुर्रर्र झालं. भाचीनं माझा हात धरला.

‘मामा, हे टीव्हीतलं का खालचं?’

‘टीव्ही बंद आहे, बाळा,’ मी म्हणालो, आणि वाकळ तशीच भिंतीवर सोडून आम्ही सगळे अंगणात आलो.