पावसाळी राइडआधी बुटांची तयारी: नाशिकच्या ॲडव्हेंचर रायडरसाठी

बाईकला क्रॅश गार्ड लागला, मागे ॲल्युमिनियमच्या पेट्या चढल्या, फॉग लाइट आले, मोबाईल होल्डर आला आणि पायात मात्र अजून जिमचेच शूज. रविवारी पहाटे गंगापूर रोडवर चहाला थांबणाऱ्या घोळक्यात असा एक तरी गडी सापडतोच. म्हणून आधी खर्चाचा क्रम लावून घ्या. हेल्मेट, मग हातमोजे आणि बूट, मग जॅकेट आणि पँट. बाईकचे दागिने त्यानंतर. क्रॅश गार्ड इंजिन आणि टाकी वाचवतो. पायाचं त्याला काही सोयरसुतक नसतं.

दुकानात जाण्याआधी आपण पडतो कसे, ते नीट समजून घ्या, कारण बुटाची निवड त्यावरच ठरते. कच्च्या रस्त्यावर माणूस भन्नाट वेगात फार क्वचित पडतो. तो पडतो हरसूलकडच्या एखाद्या फाट्यावर, पहिल्या गिअरमध्ये, वळण घेताना पुढचं चाक चिखलात सरकल्यावर. रॉयल एनफिल्डच्या हिमालयन 450 चं वजन 196 किलो, वर सामान वेगळं. बाईक सावकाश आडवी होते आणि पाय तिच्या नि दगडाच्या मध्ये सापडतो. दुसरा प्रकार: तोल सावरायला पाय टेकवला, चवडा खडकाच्या खाचेत अडकला आणि बाईक पुढे निघून गेली. इथे घोटा पिळवटतो. तिसरा प्रकार कडक पेट्या लावणाऱ्यांसाठी राखीव आहे. टेकवलेला पाय मागे राहतो आणि पेटीची कड पोटरीवर येऊन बसते. ज्यांना सारखा पाय खाली टेकवायची सवय आहे, त्यांनी एकतर ती सवय मोडावी किंवा पेट्यांऐवजी कापडी बॅगा लावाव्यात. बूट इथे थोडीच मदत करतो. डांबरावर घासत जाणं हाही धोका आहेच, पण चिखल-दगडांच्या वाटेवर आधी विचार करायचा तो दबण्याचा आणि पिळवटण्याचा.

हे डोक्यात ठेवून बूट हातात घ्या. रंग, स्टिकर, उठावाची नक्षी विसरा. एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा धरून फडकं पिळतात तसा बूट पिळून बघा. सहज पिळला गेला, तर दगडात अडकलेल्या पायाचंही तेच होणार. मग तळवा दोन्ही बाजूंनी आत दाबा. चांगल्या बुटाच्या तळव्यात स्टीलची किंवा कडक प्लास्टिकची पट्टी असते, ती दाबाला दाद देत नाही. फूटपेगवर, म्हणजे पाय ठेवायच्या खुंटीवर, तासन्‌तास उभं राहताना तळपायाचा मधला भाग दुखत नाही, तोही याच पट्टीमुळे. टाचेभोवतीची वाटी अंगठ्याने दाबा. ती आत गेली नाही पाहिजे. घोट्याच्या हाडावर आतून आणि बाहेरून, दोन्हीकडे कडक चकती आहे का, हे बोटांनी चाचपा. बऱ्याच स्वस्त बुटांत ती फक्त बाहेरून असते, आणि इंजिन तर पायाच्या आतल्या बाजूला असतं. नडगीवर प्लेट हवी, नुसता फोम नको. ‘प्रोटेक्शन आहे सर’ हे दुकानदाराचं वाक्य कानाआड करा आणि स्वतः दाबून बघा.

यानंतर लेबल. बुटाच्या आत, जिभेवर किंवा वरच्या काठाला मोटरसायकलस्वाराचं छोटं चित्र आणि शेजारी ‘ईएन 13634’ असं छापलेलं असतं. हे मोटरसायकलच्या बुटांचं युरोपीय मानक. 2017 च्या आवृत्तीत त्याखाली चार आकडे येतात आणि प्रत्येक आकडा 1 किंवा 2 असतो. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासण्याला टिकण्याचा, तिसरा कापलं जाण्याला टिकण्याचा आणि चौथा तळवा आडवा दाबला जाण्याला किती विरोध करतो त्याचा. आपल्या कामात चौथ्या आकड्याकडे सगळ्यात आधी बघा, कारण बाईकखाली सापडलेल्या पायाचा हिशेब तिथे आहे. त्याखालोखाल पहिला. सोबत ‘आयपीए’ असेल तर घोट्याच्या संरक्षकाची चाचणी झालेली आहे, ‘आयपीएस’ असेल तर नडगीच्या, आणि ‘डब्ल्यूआर’ म्हणजे पाणी रोखण्याची. चारही ठिकाणी 2 असलेला बूट मिळाला तर उत्तम, पण 1 म्हणजे नापास असं नाही. 1 लाही चाचणी पार करावीच लागते. नुसतंच ‘सीई’ (युरोपीय नियमांत बसल्याची खूण) छापलंय आणि मानकाचा क्रमांकच नाही, तर मात्र तो बूट परत फळीवर ठेवा.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांतल्या मंडळींसाठी एक खास सूचना, कारण हा प्रश्न नाशिकमध्ये हमखास निघतो: कंपनीचे सेफ्टी शूज चालतील का? त्या बुटाच्या टोकाची स्टीलची टोपी 200 ज्यूलच्या आघाताला तपासलेली असते, म्हणजे साधारण 20 किलोची वस्तू मीटरभर उंचीवरून बोटांवर पडली तरी पाय वाचावा. शॉप फ्लोअरवर धोका वरून येतो, म्हणून ते बरोबर आहे. बाईकवर धोका बाजूने आणि पिळवटून येतो, आणि तिथे हा बूट घोट्याच्या आसपासच संपलेला असतो. शिवाय जाड टोपी गिअर लीव्हरखाली जात नाही आणि लेस फूटपेगमध्ये अडकते. कामावर जाताना-येताना स्पोर्ट्स शूजपेक्षा बरे, एवढंच त्यांचं श्रेय. लष्करी धाटणीच्या बुटांचंही तसंच. उंची आहे, पण घोट्याला चकती नाही.

आता कडकपणा किती घ्यायचा. इथे लोक दोन टोकांना जातात. मोटोक्रॉसचा बूट सर्वांत जास्त सांभाळतो, पण त्यात चालणं म्हणजे शिक्षा, आणि गिअर पायाला कळायला वेळ लागतो. टूरिंगचा मऊ बूट दिवसभर सुखाचा, पण दगडात तकलादू. तुम्ही रविवारी नक्की काय करता, हे स्वतःला खरं खरं विचारा. नाशिककर बाईक काढतो आणि दहातल्या सात वेळा शेवटी एखाद्या गडाच्या पायथ्याशी पोचतो. अंजनेरी, हरिहर, नाही तर थेट बागलाणात साल्हेर. असं असेल तर मधला रस्ता धरा: पूर्ण उंचीचा, बकलवाला, घोट्याला पुढे-मागे वाकणारा आणि बाजूला न वाकणारा ॲडव्हेंचर बूट. फोर्मा, टीसीएक्स, अल्पाइनस्टार्स यांच्याकडे या वर्गातले बूट आहेत आणि आता देशी कंपन्याही ते बनवतात. देशी बूट बहुधा परदेशीच्या निम्म्या किमतीत बसतो. लेबल आणि वर सांगितलेली हातचाचणी दोन्ही पार होत असतील, तर नाव बघून दुप्पट पैसे मोजू नका.

आणि काहीही झालं तरी हा बूट घालून गड चढू नका. हरिहरच्या त्या उभ्या कातळपायऱ्यांवर तळवा पायरीला चिकटलेला कळायला हवा. कडक तळव्याच्या बुटात तो कळत नाही. टेल बॅगमध्ये कॅनव्हासचे किंवा ट्रेकिंगचे हलके शूज ठेवा आणि पायथ्याच्या गावात बदला. त्र्यंबकला किंवा वणीच्या गडावर दर्शनाला जाणार असाल तर बकल काढा-घाला करण्यात जाणारा वेळ धरून चाला, आणि मोजे न फाटलेले घाला. बूट चप्पल स्टँडवर ठेवताना त्यांची किंमत मोठ्याने सांगू नका.

पाण्याचा मुद्दा नाशिकला सगळ्यात वादाचा, कारण शहरात रिमझिम असते तेव्हा घोटी-इगतपुरीला आभाळ फाटलेलं असतं. बुटात पाणी अडवणारा पडदा, म्हणजे मेम्ब्रेन, असतो तेव्हा खालून आणि बाजूने पाणी येत नाही. पण ओढा ओलांडताना पाणी एकदा वरून आत गेलं की तोच पडदा ते बाहेरही जाऊ देत नाही. दिवसभर पायाखाली पाणी, आणि वाळायला पुढचे दोन दिवस. तेव्हा तुमचं पावसातलं फिरणं जर कसारा घाट, भंडारदरा, जव्हार असं डांबरावरचं असेल तर मेम्ब्रेन घ्या. ओढे-नाले आणि भातखाचरांकडेच्या वाटांवर जाणारे असाल, तर मेम्ब्रेन नसलेला बूट घेऊन आत वॉटरप्रूफ मोजे घाला. मी दुसऱ्या पक्षातला आहे, शिवाय मार्चपासून मेपर्यंत निफाड-येवल्याच्या उन्हात मेम्ब्रेनवाला बूट पाय उकडून काढतो. पक्ष कोणताही असो, रेनपँट बुटाच्या बाहेरून हवी. आत खोचलीत, तर मांडीवरून ओघळणारं सगळं पाणी सरळ बुटात जातं, मग बूट कितीही हजारांचा असो.

मापाला वेळ द्या. संध्याकाळी जा, कारण दिवसभरात पाय थोडे सुजलेले असतात, आणि जे मोजे घालून बाईक चालवणार तेच घालून जा. दोन्ही पायांत बूट घाला, सगळी बकलं लावा आणि उभे राहा. बोटं पुढे टेकायला नकोत, चालताना टाच आत वर-खाली व्हायला नको. मग गुडघ्यात वाकून फूटपेगवर उभं राहतात तसं उभं राहा. नडगीवर काठ टोचला तर तो पन्नास किलोमीटरनंतर सोलून काढणार. पोटरी जाड असेल तर बकलच्या पट्ट्या शेवटच्या दातावर नकोत, कारण पँट आत घालायची वेळ आली तर जागा राहणार नाही. नी-गार्ड वापरत असाल तर ते सोबत न्या. त्याचं खालचं टोक आणि बुटाचा काठ एकमेकांवर चढतात की नीट बसतात, हे घरी गेल्यावर नाही, तिथेच कळायला हवं. ऑनलाइन मागवणार असाल तर कागदावर दोन्ही पायांची बाह्यरेषा काढून टाच ते अंगठा मिलिमीटरमध्ये मोजा, मोठ्या पायाचं माप धरा आणि त्या कंपनीच्याच तक्त्याशी जुळवा. आपला नेहमीचा आठ किंवा नऊ नंबर इटालियन बुटाला लागू पडेलच असं नाही. उंची कमी असणाऱ्यांना जाड तळव्याचा थोडा फायदाच होतो; हिमालयनच्या 825 मिलिमीटर उंच सीटवर तो एक-दोन सेंटिमीटरचा आधार जाणवतो.

स्वस्तात मिळतो म्हणून जुना किंवा दुकानात पडून राहिलेला बूट घेताना सोल वाकवून बघा. पॉलियुरेथेनचा सोल हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षांत आतून कुजतो, न वापरताही. वरून कोरा करकरीत दिसतो आणि पहिल्याच राइडला बिस्किटासारखा भुगा होतो. बनवल्याची तारीख आत छापलेली असेल तर ती वाचा. सोल शिवलेला आहे की नुसता चिकटवलेला, हेही बघा. शिवलेला असेल तर झिजल्यावर चांगला कारागीर बदलून देऊ शकतो.

बूट घरी आला की बाईकला त्याची ओळख करून द्यायची, आणि हे काम बहुतेक जण विसरतात. जाड चवडा गिअर लीव्हरखाली नीट जात नसेल, तर लीव्हर वर घ्यावा लागतो. काही बाईकना बोल्ट काढून लीव्हर दातेरी शाफ्टवर एक दात सरकवायचा असतो, काहींना जोडदांडीची लांबी बदलायची असते. उजवीकडे जास्त लक्ष द्या. जाड तळव्यामुळे ब्रेक पेडलवर नकळत पाय टेकून राहतो आणि सापुतारा उतरताना मागचा ब्रेक तापून ऐन वेळी पोकळ लागतो. पेडलची उंची बुटासकट बसून लावा, थोडा मोकळा खेळ ठेवा आणि नंतर मागे कुणाला तरी उभं करून ब्रेक लाइट वेळेवर लागतो-विझतो का ते तपासा. पेडल हलवलं की त्याचा स्विचही जुळवावा लागतो.

नवा बूट थेट लांबच्या राइडला नेऊ नका. आठवडाभर संध्याकाळी घरात घालून जिने चढा-उतरा. घरचे हसतील, हसू द्या. मग त्र्यंबकपर्यंत एक फेरी, वाटेत मिसळीला थांबून थोडं चालणं, आणि कुठे घासतंय ते बघून बकल एखादा दात इकडे-तिकडे. हे सगळं मे महिन्यात उरकलं तर जूनमध्ये पाय आणि बूट दोघेही तयार असतात.

पावसातून परतल्यावर चिखल ओला असतानाच साध्या पाण्याने धुवा, पण प्रेशर वॉशरचा फवारा शिवणीवर मारू नका. आतला इनसोल काढून वेगळा वाळवा, बुटात जुना पेपर कोंबा आणि तो ओला झाला की बदलत राहा. गच्चीवरचं कडक ऊन, हेअर ड्रायर, गिझरशेजारची जागा, हे तिन्ही चामड्याला तडे पाडतात, पंख्याखाली ठेवा. पूर्ण वाळल्यावर चामड्याला कंडिशनर लावा. बकलच्या फटीतली लाल माती जुन्या टूथब्रशने काढा, नाही तर चिमटा बसत नाही आणि ऐन वाटेत उघडतो. जादाची एक बकल-पट्टी मिळत असेल तर बुटासोबतच मागवून ठेवा, आणि टूलकिटमध्ये चार केबल टाय नि थोडी डक्ट टेप असू द्या. तुटलेलं बकल त्यावर घरापर्यंत येतं.