निवृत्तीसाठी अमेरिकेतलं शहर निवडताना या चुका टाळा

सॅन डिएगोचा समुद्र, सांता फेची मातकट रंगाची घरं, ॲशव्हिलचे ऑक्टोबरमधले डोंगर. नव्वदच्या दशकात नोकरीसाठी इकडे आलेली आपली मंडळी आता साठीच्या आसपास पोचली आहेत. अशा सहलीवरून परतलं की विषय हमखास निघतो, "रिटायर झाल्यावर तिकडेच जायचं का?" जरूर जा. पण सहलीला आपण शहराचा सगळ्यात चांगला आठवडा बघून येतो. राहायला गेल्यावर उरलेले एक्कावन्नही वाट्याला येतात.

फिनिक्सला फेब्रुवारीत जाऊन घर पसंत करणं ही त्यातली अव्वल चूक. २०२३ च्या उन्हाळ्यात तिथे सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइट (४३ सेल्सिअस) किंवा त्याच्या वर होतं. नागपूरकर म्हणतील, त्यात काय! पण नागपूरला जूनमध्ये पाऊस येऊन सुटका करतो. फिनिक्सला खरा कहर जुलैत असतो. तेव्हा घर बघायला जुलैतच जा आणि संध्याकाळी पाचला पायी दुकानापर्यंत जाऊन या. सांता फे सुमारे सात हजार फुटांवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपट उंच. हृदयाचा किंवा फुप्फुसांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, मग एजंटला.

ॲशव्हिलची तर 'हवामानबदलापासून सुरक्षित' अशी ख्याती होती. सप्टेंबर २०२४ मध्ये हेलीन वादळाने शहराची जलवाहिनीच तोडली. नळाचं पाणी पुन्हा पिण्याजोगं झालं ते १८ नोव्हेंबरला. म्हणून शहराच्या ख्यातीवर जाऊ नका, आपल्या पत्त्याचा पूरनकाशा बघा. घराच्या नेहमीच्या विम्यात पूर धरलेला नसतो. त्याची पॉलिसी वेगळी, आणि सरकारी योजनेतली सहसा ३० दिवसांनी लागू होते. वादळाची बातमी आल्यावर धावाधाव करून उपयोग नाही.

"फ्लोरिडात इन्कम टॅक्स नाही" हे वाक्य ऐकून घर घेणारे खूप. राज्याचा इन्कम टॅक्स नाही, खरं आहे. पण विम्याचा हप्ता बघितला का? काँडो (मोठ्या इमारतीतला फ्लॅट) घेणार असाल तर आणखी सावध राहा. २०२१ मध्ये सर्फसाइडची इमारत कोसळून ९८ जण गेले. त्यानंतर कायदा कडक झाला आणि तीन किंवा जास्त मजल्यांच्या जुन्या इमारतींना तपासणी आणि दुरुस्तीचा राखीव निधी सक्तीचा झाला. तो निधी मेंटेनन्समधूनच उभा राहतो. सही करण्याआधी सोसायटीच्या गेल्या काही बैठकींची इतिवृत्तं मागवा. छताचं, पार्किंगचं, लिफ्टचं रडगाणं त्यात असतंच. आमच्या मते पेन्सिल्व्हेनिया राज्यातलं पिट्सबर्ग उगाच दुर्लक्षित राहतं. पेन्सिल्व्हेनिया सोशल सिक्युरिटी (सरकारी निवृत्तिवेतन) आणि निवृत्तीच्या पेन्शनवर राज्याचा कर घेत नाही, पासष्टीनंतर बस फुकट आहे आणि वेंकटेश्वराचं जुनं देऊळही आहे. थंडी आहे, चढउतार आहेत, ते सोसायची तयारी हवी.

सगळ्यात महागात पडतं ते मेडिकेअर, म्हणजे ज्येष्ठांचा सरकारी आरोग्यविमा, गृहीत धरणं. ते ६५ व्या वर्षी मिळतं. साठीला नोकरी सोडलीत तर मधल्या पाच वर्षांच्या विम्याचा खर्च तुमच्या माथी. त्यातला रुग्णालयाच्या खर्चाचा भाग (भाग ए) बिनहप्त्याचा मिळायला स्वतःच्या किंवा जोडीदाराच्या नावावर साधारण दहा वर्षांचं काम लागतं. आईवडिलांना ग्रीन कार्डावर आणलं असेल तर त्यांना सलग पाच वर्षं राहिल्यावर हप्ता भरून ते विकत घेता येतं. दीर्घकाळ चालणारी सुश्रूषा, म्हणजे रोज अंघोळ घालायला, भरवायला लागणारं माणूस, मेडिकेअरमध्ये बसत नाही. मेडिकेअर ॲडव्हांटेज, म्हणजे खासगी कंपनीमार्फत मिळणारं मेडिकेअर, घेतलंत तर योजना काउंटीगणिक (जिल्ह्यागणिक) बदलतात. तेव्हा आवडलेल्या घराचा झिप कोड सरकारी संकेतस्थळावर टाकून आपले डॉक्टर त्या योजनेत आहेत का, ते आधी बघा.

"सहा महिने पुणं, सहा महिने इकडे" या बेतालाही इथेच खीळ बसते. भारतातला खर्च मूळ मेडिकेअर देत नाही, ॲडव्हांटेजवाले सहा महिन्यांहून जास्त काळ बाहेर राहिलात तर नाव काढू शकतात. आणि भारतात जातोय म्हणून भाग बी (डॉक्टरांच्या खर्चाचा, हप्ता भरून घ्यायचा भाग) सोडून दिलात, तर परतल्यावर दर बारा महिन्यांमागे १० टक्के दंड हप्त्यात कायमचा चिकटतो.

मुलांच्या शहरात घर घेणं स्वाभाविक आहे, पण नोकरी बदलली की मुलं जातात आणि आपण मागे उरतो. वर्षभर भाड्याने राहून बघा.

टेक्ससमध्ये, ऑस्टिन किंवा डॅलसला घर घेऊन बसलात आणि प्रॉपर्टी टॅक्सची नोटीस पाहून घाम फुटला? राहतं घर असेल आणि ६५ पूर्ण असतील तर काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (घरांचं मूल्यांकन करणारं कार्यालय) सवलतीचा अर्ज करा. सवलत मिळते आणि शाळांच्या कराला कमाल मर्यादा बसते. मूल्यांकनच जास्त वाटत असेल तर आक्षेप नोंदवायची मुदत सहसा १५ मे.