फासा टाका, क्रियापद चालवा

पहिल्या दिवशी मी फळ्यावर स्पॅनिश क्रियापदांचा तक्ता काढला आणि मागच्या बाकावर जांभया सुरू झाल्या. आठवी-नववीची मुलं, इंदूरच्या मराठी घरांतली. आपसांत हिंदीच बोलतात, पण आई 'येतोस का?' म्हणाली तर 'कोण?' असं विचारत नाहीत. स्पॅनिशमध्येही कर्ता असाच गाळतात, कारण तो क्रियापदाच्या शेपटीवरून कळतो. मग तक्ता पुसला आणि घरातला लूडोचा फासा आणला.

आधी अर्थ पक्का करा. '-आर'ने संपणारी सहाच क्रियापदं घ्या: आब्लार (बोलणं), कान्तार (गाणं), बाइलार (नाचणं), नादार (पोहणं), कोम्प्रार (विकत घेणं), त्राबाखार (काम करणं). चिठ्ठ्या करा, एकाने न बोलता अभिनय करायचा, बाकीच्यांनी ओळखायचं. दहा मिनिटं पुरतात. त्राबाखारला सगळे जण झाडूच मारतात, मारू द्या.

मग फासा. 1 म्हणजे मी, 2 तू, 3 तो किंवा ती, 4 आम्ही, 5 तुम्ही, 6 ते. चिठ्ठी उचलायची, फासा टाकायचा आणि रूप म्हणायचं: आब्लो, आब्लास, आब्ला, आब्लामोस, आब्लाइस, आब्लान. जो रूपाच्या आधी 'यो' (मी) लावेल त्याची पाळी गेली; हा नियम कडक ठेवा, सगळा खेळ त्यावर आहे. 5 चं रूप स्पेनमध्ये चालतं, लॅटिन अमेरिकेत त्याजागी 6 चंच वापरतात. म्हणून 5 पडला की मी पुन्हा फासा टाकू देते.

कोणी अडलं तर शाळेतलं संस्कृत आठवायला सांगा. 'पठसि'मधला स आब्लासमध्ये आहे, 'पठामः'मधला म आब्लामोसमध्ये. मुली हटकून विचारतात, "टीचर, 'बोलते' कसं म्हणायचं?" तेही आब्लोच. 'बोलतो-बोलते'ची भानगडच नाही म्हटल्यावर वर्ग खूश.

दुसऱ्या आठवड्यात कोमेर (खाणं) आणा. 'आ'च्या जागी 'ए': कोमो, कोमेस, कोमे, कोमेमोस, कोमेन. इथे साखळी खेळा: 'कोमेमोस पोहे', पुढच्याने 'कोमेमोस पोहे ई जलेबी', तिसऱ्याने 'एन साराफा', म्हणजे सराफ्यात, इंदूरच्या रात्रीच्या खाऊबाजारात. (पोहे सकाळचे, सराफा रात्रीचा, यावर वाद होतोच.) जलेबी रोमन लिपीत लिहिली तर स्पॅनिश माणूस ती 'खालेबी' वाचेल, कारण त्यांच्या 'जे'चा उच्चार ख. हे एकदा सांगितलं की त्राबाखार कोणी चुकत नाही.

'असणं' आणि 'जाणं' इतक्यात फाशावर आणू नका. ती क्रियापदं वाकडी चालतात, नियम बसण्याआधीच मोडतो. त्याऐवजी बिबिर (राहणं) घ्या: बिबो, बिबेस, बिबे, बिबिमोस, बिबेन. 5 वगळलाय, त्यामुळे कोमेरपेक्षा वेगळं फक्त 4 चं रूप. माझ्या वर्गात आता 4 पडला की फासा थांबायच्या आत सगळे 'मोस!' ओरडतात, आणि त्याआधी 'ए' की 'ई' हे ज्याची पाळी त्यालाच ठरवावं लागतं.