सिझरच्या टाक्यांजवळ गाठ, पाळीत दुखते? कापायच्या आधी हे करून घ्या

सिझर होऊन काही वर्षं झाली, टाक्यांच्या टोकाला गाठ लागते, एरवी गप्प असते पण पाळी आली की बोट लावू देत नाही, असं ज्यांचं असेल त्यांनी हे वाचा, ते स्कार एंडोमेट्रिओसिस म्हणजे टाक्यांच्या जागचं एंडोमेट्रिओसिस असू शकतं. माझी गाठ सुपारीएवढी होती, डाव्या टोकाला, परकराची नाडी नेमकी तिच्यावर यायची. इथे इंदुरात एका ठिकाणी हर्निया म्हणून पट्टा दिला, दुसरीकडे टाक्याचा दोरा आत राहिलाय म्हणाले, दीड वर्ष त्यातच गेलं. मला अजून राग येतो, कारण पाळीची तारीख कोणी विचारलीच नाही.

म्हणून पहिलं काम तारखांचं. आमच्या रामबागेतल्या घरी स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं, त्यावर दुखलं की लाल टिंब आणि पाळी आली की गोल करायला लागले, तीन महिन्यांत सगळी टिंबं गोलाच्या आसपास जमलेली दिसली, तीच पानं नेऊन डॉक्टरांपुढे ठेवली. काहींना मात्र पाळी नसतानाही दुखतं हं, तेव्हा तारखा जुळल्या नाहीत म्हणून सोडून देऊ नका. ह्या आजारात गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी ऑपरेशनच्या वेळी पोटाच्या थरांत अडकतात असं मानतात, आणि मग पाळीच्या हार्मोनवर त्याही सुजतात.

सोनोग्राफीला गेलात की बोट ठेवून जागा दाखवा आणि ह्या गाठीचीच करा म्हणून सांगा, नाहीतर गर्भाशय बघून नॉर्मल लिहून देतात. स्नायूत किती खोल गेलीय ते एमआरआयमध्ये कळतं. सुईची बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा बारीक तुकडा काढून तपासणं, टाळू नका, कारण पुढे सांगते त्या सुईच्या इलाजात गाठ न कापता आतल्या आतच मारतात, ती बाहेर येतच नाही, मग तपासणार काय, आणि क्वचित का होईना ह्यात कॅन्सर निघतो.

ऑपरेशनमध्ये गाठ भोवतीच्या साधारण १ सेंमी चांगल्या भागासकट काढतात, मोठी असेल तर जाळी बसवावी लागू शकते. ते चुकीचं नाही, कितीतरी जणींना तेच योग्य, पण त्याआधी स्त्रीरोगतज्ज्ञांसोबत इंटरव्हेन्शनल रेडिओलॉजिस्टलाही भेटा आणि सरळ विचारा, माझी गाठ सुईने होईल का? हे डॉक्टर सोनोग्राफी किंवा सीटीवर बघत बघत सुई घालतात.

मी मुंबईला जाऊन क्रायो केलं, रात्रभर अवंतिका एक्सप्रेसने गेलो. ह्यात बारीक सुया गाठीत घालून आर्गॉन गॅसने गोठवतात, थोडं वितळू देतात, परत गोठवतात, आणि तो बर्फाचा गोळा सीटीवर दिसतो त्यामुळे कुठवर पोचला ते डॉक्टरांना कळत राहतं. कातडी गोठू नये म्हणून माझ्या पोटावर कोमट सलाईन भरलेला रबरी हातमोजा ठेवला होता, सिस्टर तो गार झाला की बदलत होत्या. रेडिओफ्रिक्वेन्सी आणि मायक्रोवेव्हमध्ये गोठवण्याऐवजी उष्णतेने जाळतात. हायफूमध्ये सुईच नाही, बाहेरून ध्वनिलहरी एका बिंदूवर आणून गाठ तापवतात, पण मशीन मोजक्याच ठिकाणी आहे.

गाठ कातडीला किंवा आतड्याला चिकटून आहे का, हे नक्की विचारा. जवळ असेल तर मध्ये द्रव भरून अंतर करतात, तरी जमत नसेल तर ऑपरेशनच बरं. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल किंवा दिवस गेल्याची शंका असेल तर आधीच सांगा. नुसत्या हार्मोनच्या गोळ्यांनी, म्हणजे डायनोजेस्ट वगैरेंनी, दुखणं दबतं, गाठ बहुतेक तिथेच राहते आणि गोळी बंद केली की परत सुरू.

घरी आल्यावर सूज येते, गाठ उलट जास्त कडक लागते, मी घाबरलेच होते, पण ती हळूहळू काही महिन्यांत आटते. ताप आला, कातडीला फोड आला किंवा ती काळी पडली तर मात्र थांबायचं नाही, लगेच फोन करायचा. पुन्हा दुखू शकतं हेही खरं, म्हणून कालनिर्णयावरची टिंबं बंद करू नका, पुढच्या तपासणीला तीच पानं सोबत न्या.