चित्रपटाची फ्रेम आणि गेमची फ्रेम : नागपुरातून ॲनिमेशनकडे वळणाऱ्यांसाठी

बारावीनंतर किंवा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षात ॲनिमेशनकडे वळू पाहणारी नागपुरातील मुले-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा बहुतेकांचा पहिला प्रश्न ‘माया शिकू की ब्लेंडर?’ असा असतो. माझ्या मते कोणते ॲनिमेशन सॉफ्टवेअर शिकायचे, हा प्रश्न नंतरचा आहे. एक फ्रेम, म्हणजे हालचालीतले एक स्थिर चित्र, तयार करायला संगणकाकडे किती वेळ असणार आहे, हे आधी समजून घ्यावे. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम दिसतात, परंतु त्या सर्व आधीच तयार करून ठेवलेल्या असतात. म्हणून एखादी फ्रेम रेंडर व्हायला, म्हणजे संगणकाने तिचे अंतिम चित्र काढायला, दहा मिनिटे लागली की दहा तास, याच्याशी प्रेक्षकाला काही देणेघेणे नसते. गेममध्ये सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील, तर एका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम १६.७ मिलिसेकंद येतात आणि तेवढ्यात कोणते बटण दाबले गेले हे पाहणे, टक्कर झाली का ते तपासणे, पात्राची हालचाल ठरवणे आणि शेवटी चित्र काढणे, हे सारे उरकावे लागते. मी काही वर्षे चित्रपटांसाठी लायटिंगचे, म्हणजे दृश्यातला उजेड आणि सावल्या ठरवण्याचे, काम केले आणि नंतर गेमकडे आलो. दोन्हीकडची सॉफ्टवेअर बऱ्याच अंशी तीच होती. विचार करण्याची सवय मात्र बदलावी लागली.

हा फरक स्वतः काम करून समजून घ्यायचा असेल, तर तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल समोर ठेवावा. आपल्याकडे तो बहुतेक घरांत माळ्यावर सापडतोच. त्याचे एक मॉडेल चित्रपटासाठी करावे : मोजक्या पॉलिगॉनचा (बहुभुज तुकड्यांचा) सांगाडा, त्यावर कॅटमुल आणि क्लार्क यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या सबडिव्हिजन पद्धतीने, म्हणजे त्या तुकड्यांचे आणखी लहान तुकडे करत, आलेला गुळगुळीतपणा, लाकडाच्या रेषांचे खरे उंचसखलपण आणि झुलीच्या कापडाचे धागेसुद्धा. मग त्याच बैलाची गेमसाठीची आवृत्ती काही हजार त्रिकोणांत बसवावी, लाकडाच्या रेषा नॉर्मल मॅपमध्ये, म्हणजे सपाट पृष्ठभागावर उंचसखलपणाचा भास देणाऱ्या चित्रात, उतरवाव्यात, न हलणारा उजेड आधीच बेक करून, म्हणजे हिशेब करून पृष्ठभागाच्या चित्रात पक्का करून, ठेवावा आणि बैल कॅमेऱ्यापासून लांब गेला की त्याच्या जागी आणखी हलके मॉडेल यावे, अशी सोय करावी. पहिल्या आवृत्तीत ‘अजून काय घालता येईल’ हा प्रश्न छळतो, दुसरीत ‘काय काढले तर कळणार नाही’ हा. यांपैकी कोणत्या प्रश्नात तुमचे मन अधिक रमते, त्यावरून पुढची दिशा बरीचशी ठरते.

ॲनिमेशन करणाऱ्यांना हा फरक आणखी जाणवतो. डिस्नेच्या फ्रँक थॉमस आणि ऑली जॉन्स्टन यांनी १९८१ मध्ये ॲनिमेशनची बारा तत्त्वे मांडली आणि त्यांतील एक पूर्वतयारीचे आहे : उडी मारण्याआधी पात्र खाली वाकते, म्हणून ती उडी पटते. चित्रपटात हे वाकणे अर्धा सेकंद चालले तरी चालते. गेममध्ये खेळणाऱ्याने बटण दाबल्यावर पात्र अर्धा सेकंद नुसते वाकत राहिले, तर नियंत्रण जड वाटते आणि खेळणारा वैतागतो. म्हणून तेथे पूर्वतयारी दोन-तीन फ्रेममध्ये आटोपून वजनाचा भास जमिनीवर टेकल्यानंतरच्या हालचालीतून द्यावा लागतो. शिवाय चित्रपटातील हालचाल एकाच कॅमेऱ्यातून पटली की पुरते, तर गेममधील चालणे कोणत्याही पावलावर तोडून धावण्यात मिसळता आले पाहिजे. अंबाझरीच्या काठावर सकाळी फिरायला येणाऱ्यांच्या चाली पाहून, मोबाइलवर चित्रण करून त्यांची रेखाटने करण्याइतका चांगला आणि फुकटचा अभ्यास मला माहीत नाही.

अभियांत्रिकीच्या मुलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. एम-वन, एम-टू म्हणून गणिताच्या ज्या विषयांना नाके मुरडली जातात, त्यांतील मॅट्रिक्स आणि व्हेक्टर यांच्यावरच ग्राफिक्सचा डोलारा उभा आहे. गणिती हॅमिल्टनने १८४३ मध्ये शोधलेले क्वाटर्निअन (फिरणे मांडता येणाऱ्या चार घटकांच्या संख्या) केन शूमेक यांनी १९८५ मध्ये ॲनिमेशनमध्ये आणले आणि त्यामुळे दोन स्थितींमधले फिरणे न अडखळता, सलग दाखवता येऊ लागले. पुढच्याच वर्षी जेम्स काजिया यांनी रेंडरिंगचे समीकरण मांडले आणि आजच्या चित्रपटांतील प्रकाशाचे गणित त्यावरच चालते. चित्रकलेकडून येणाऱ्यांची शिदोरी वेगळी असते. शाळेत एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्यांचे स्थिरचित्र लायटिंगमध्ये थेट उपयोगी पडते.

सॉफ्टवेअरसाठी खर्च करण्याची सुरुवातीला गरज नाही. ब्लेंडर मोफत आहे आणि २०२५ मध्ये ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळवणारा लॅटव्हियाचा ‘फ्लो’ त्यातच घडवला गेला. इतकेच नव्हे, तर त्याचे रेंडरिंग ब्लेंडरमधील ईव्ही (Eevee) या झटपट चित्र काढणाऱ्या इंजिनावर झाले, म्हणजे चित्रपट आणि गेम यांच्यातील भिंत आता पूर्वीइतकी जाड राहिलेली नाही. यंत्राचे मात्र भान ठेवावे. दहा सेकंदांच्या शॉटमध्ये २४० फ्रेम असतात आणि प्रत्येकीला दहा मिनिटे धरली, तरी संगणक सलग ४० तास चालतो. मे महिन्यात, पारा ४५ अंशांवर असताना, ग्राफिक्स कार्ड तापून स्वतःच वेग कमी करते, त्यामुळे मोठे रेंडर रात्री लावावेत. रेंडर थेट व्हिडिओ फाइलमध्ये न करता एकेका फ्रेमच्या स्वतंत्र चित्रात करावे, म्हणजे मध्येच वीज गेली तर राहिलेल्या फ्रेमपासून पुढे सुरू करता येते.

शिक्षणाबाबत माझे मत थोडे कडवट आहे. सीताबर्डी-धरमपेठेत खासगी वर्गांच्या पाट्या पुष्कळ दिसतात, पण फी भरण्याआधी तेथील विद्यार्थ्यांचे शोरील (निवडक कामाचा छोटा व्हिडिओ) मागून पाहावे आणि शिकवणाऱ्यांनी स्वतः कोणते काम केले आहे तेही विचारावे. उत्तर देताना कोणी घुटमळले, तर तेथून निघावे. पदवीनंतर गंभीरपणे शिकायचे असेल, तर सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन आयआयटी मुंबईच्या आयडीसी या डिझाइन विभागात ॲनिमेशनच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी प्रयत्न करता येतो. अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा ॲनिमेशन फिल्म डिझाइनचा अभ्यासक्रमही आहे.

पहिली नोकरी बहुधा नागपूरबाहेर करावी लागते. घरचे लोक पुण्या-मुंबईचाच विचार करतात, परंतु हैदराबाद आपल्यापासून सुमारे ५०० किलोमीटरवर, म्हणजे या दोन्हींपेक्षा जवळ आहे आणि तेथे व्हीएफएक्स (चित्रपटातील दृश्य परिणाम) तसेच गेम अशा दोन्ही क्षेत्रांत काम मिळते. चित्रपटाच्या बाजूला नवख्यांना रोटो (पात्र कडेने कापून वेगळे करणे), पेंट (नको ते पुसणे) किंवा मॅचमूव्ह (खऱ्या कॅमेऱ्याची हालचाल संगणकात जुळवणे) यांपैकी काही दिले जाते. पात्राची कड फ्रेममागून फ्रेम कापत बसणे कंटाळवाणे असते, पण वेगात हलणाऱ्या हाताची कड कशी पुसट होते, हे तेथे डोळ्यांत कायमचे बसते. गेमच्या बाजूला गेम इंजिनात (गेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) चालणारी लहानशी वस्तू दाखवता आली, तर ती सुंदर स्थिर चित्रांच्या गठ्ठ्यापेक्षा जास्त मोलाची ठरते. शोरील एका मिनिटाच्या आसपास ठेवावे, सर्वांत चांगला शॉट पहिला लावावा आणि गटाने केलेल्या शॉटवर आपला वाटा नेमका कोणता, हे लिहावे. गेमसाठी अर्ज करत असाल, तर मॉडेलशेजारी त्याच्या त्रिकोणांची संख्या आणि टेक्स्चरचा (पृष्ठभागावर चढवलेल्या चित्राचा) आकार द्यावा, कारण मुलाखत घेणारा पहिल्यांदा तेच विचारतो.